उणे विभाग

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मास्तरांनी पाण्याचा पेला घेऊन आलेल्या बाईंना विचारलं, "नाव काय म्हणालात तुमचं?" बाई गोंधळल्या, हसल्या आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. त्याबरोबर मास्तर म्हणाले, "ते हो माहीत आहे, ते कसं विसरेन! आडनाव विचारतोय मी." बाईंनी आडनाव सांगितलं. मास्तरांनी नाव-आडनाव जोडून मोठ्यांदा म्हटलं, मान डोलावली आणि पाणी प्यायले. आजूबाजूचे चारजण कौतुकाने हसले. सगळं मिळून अकरा सेकंद. माझ्या हातात चहाचा कप होता तो हातातच राहिला. मी चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा बघितलं. मग हेडफोन काढून ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

मास्तर अर्थात माझ्यासमोर नव्हते. ते परवा रविवारी कुठल्याशा मैदानावर होते, आमचा कॅमेरावाला गर्दीत मिसळून उभा होता, आणि त्याने आणलेलं मी चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून बघत होते. मास्तर म्हणजे पलीकडचे उमेदवार. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून सगळे मास्तर म्हणतात, आम्हीसुद्धा. आम्ही अलीकडच्या उमेदवाराचे. आमच्या कचेरीत दोन खोल्या. मोठीत आमचा उमेदवार म्हाताऱ्यांना मिठ्या मारतो, पोरांना कडेवर घेतो, पाठीमागे सूर्य उगवतो. तिला कोणीतरी थट्टेत 'अधिक विभाग' म्हटलं. मग छोट्या खोलीचं नाव ओघानेच 'उणे विभाग' पडलं, आणि पुढे ते कागदावर छापून दारावर चिकटवलंही गेलं. उणे विभागात मी. मास्तर चारचौघांत जे बोलतात, करतात ते सगळं बघायचं, त्यातलं आपल्या कामाचं तेवढं कापून बाजूला ठेवायचं आणि त्याला एक ते पाच नंबर द्यायचा. जीभ घसरली तर एक. चिडले तर तीन. पाच म्हणजे ज्याच्यावर अख्खी जाहिरात उभी राहील असं कात्रण. पुढचं सोपं असतं. वेग वीस टक्के उतरवला की कुठलाही सज्जन माणूस प्यायलेला दिसतो. रंग उतरवले की आजारी दिसतो. डोळे मिटता मिटता चित्र थांबवलं की लबाड दिसतो. त्यावर आमचा खर्ज बोलतो: "यांच्या हातात द्याल तुमच्या मुलांचं भविष्य?" खर्ज म्हणजे आमचा आवाज देणारा गृहस्थ. ऐकलं तर अंगावर काटा येईल, पण माणूस इतका गरीब की लिफ्टमध्ये आधी सगळ्यांना चढू देतो आणि जागा उरली नाही म्हणून जिन्याने येतो.

चौदा महिन्यांत मी मास्तरांचे चारशे तास बघितले होते. एकदाही भेटले नव्हते. पण त्यांच्या डाव्या बुटाची नाडी नेहमी सुटते, भाषणाचा कागद ते चौघडी करून खिशात घालतात आणि एकदाही काढत नाहीत, बोलायला उभे राहिले की आधी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासतात, खडूची भुकटी झटकल्यासारखी, हे सगळं मला माहीत होतं. इतकं लक्षपूर्वक मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं असतं तर कदाचित आज तो नवरा राहिला असता. आणि पाण्याचा पेला आणणाऱ्या त्या बाईही मला माहीत होत्या. पहिल्या सभेपासून त्या होत्या. मास्तरांनी त्यांना शंभरदा नुसत्या नावाने हाक मारलेली मी ऐकली होती. त्यांचा पाय मोडला तेव्हा मास्तर दवाखान्यात त्यांच्या खाटेशी तासभर बसले होते, आणि ते चित्र आमच्या काही कामाचं नाही म्हणून मी त्याला शून्य देऊन टाकलं होतं. ज्याने हे बघितलेलं नाही त्याला त्या अकरा सेकंदांत नुसती माणुसकी दिसली असती. केवढा मोठा माणूस, पाणी देणारीचं आडनावसुद्धा विचारतो! ती माणुसकी नाही, हे कळणारी जगात मी एकटीच होते, असं मला त्या वेळी वाटलं. कारण आडनावाची ती युक्ती मी घरी बघितली होती.

माझे बाबा शिंपी. होते म्हणवत नाही, कारण बोटं अजून शिंप्याचीच आहेत. समोर रुमाल आला तरी त्याची कड उलटून शिवण बघतात. दुकान लहान, एका माणसाने हात पसरले की भरेल एवढं, पण गिऱ्हाईक तीन पिढ्यांचं. शाळेतून आले की मी कापायच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची, आणि बाबा मला माणसं बघायला शिकवायचे. "आरशासमोर उभा असतो तेव्हा बघू नकोस. तेव्हा जो तो छाती काढतो. आरशापासून वळला की बघ. खांदा कुठला उतरतो ते तेव्हा कळतं." मग उतरलेल्या खांद्यात ते आतून कापसाची पातळशी घडी घालायचे, गिऱ्हाइकाला एका शब्दाने न सांगता, आणि माणूस आयुष्यात पहिल्यांदा सरळ दिसायचा. माझी नजर ती त्यांचीच. कचेरीतल्या साहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, ही नजर कुठे शिकलीस, तर मी अभिमानाने सांगितलं होतं, वडिलांकडे. कोणाचा खांदा उतरलाय हे मलाही चटकन दिसतं. पुढे मी त्याचं काय करते, हे बाबांना कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तरी 'जाहिरातीत आहे' एवढंच मी म्हणाले असते.

बाबा गिऱ्हाइकांची नावं विसरू लागले तेव्हा ते असेच आडनाव विचारायचे. "नाव माहीत आहे हो, आडनाव सांगा, पावतीवर लिहायचंय." गिऱ्हाईक खूश. मीही खूश, की बाबा अजून किती हजरजबाबी आहेत! कोणी जुन्या ओळखीचा रुसला तर म्हणायचे, "अहो, तुमचं नाव लक्षात ठेवून काय करू? तुमची कंबर लक्षात आहे." दुकानभर हशा. दोन वर्षं आम्ही हसत होतो. मग एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाने शर्ट परत आणला आणि काही न बोलता टेबलावर पसरला. त्याला दोन्ही बाह्या डाव्या होत्या. बाबांनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून झेपत नाही. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, निदान तुम्हाला तयारीला वेळ मिळाला असता. मी पगार घेऊन परक्या माणसांचा एकेक श्वास मोजत होते, आणि घरात दोन वर्षं समोर चाललेलं मला दिसलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

खिडकीपाशी उभी होते तोवर माझ्या डोक्यात जाहिरात तयार झाली. मी ठरवून केली नाही, शपथ. आधी दवाखान्यातलं दृश्य, खाटेशी बसलेले मास्तर त्या बाईंना नावाने हाक मारतायत. मग काळा पडदा. मग रविवारचे अकरा सेकंद, वेग उतरवून. मग खर्ज, अगदी हळू: "जो आपल्या माणसाचं नाव विसरतो, त्याला तुमचं आठवेल?" वीस सेकंदांत बसत होतं. सहा वर्षांच्या नोकरीत इतकं चांगलं मला कधी सुचलं नव्हतं, आणि ते सुचताना बरंही वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. वर त्याला एक बाजूही होती. लोकांना कळायला नको का? उद्या हा माणूस निवडून आला, आणि सही कशावर करतोय तेच त्याला उमजलं नाही, तर? हे मी स्वतःला सांगत होते आणि मला ते पटतही होतं. अडचण तीच होती. खोटं असतं तर सरळ नको म्हटलं असतं. मी कात्रण कापलं, पण त्याला नंबर दिला नाही. नंबर दिला की ते आपोआप साहेबांच्या पडद्यावर जातं.

बुधवारी बैठक असते. साहेब वाईट माणूस नाहीत. बाबांच्या तपासण्यांच्या वेळी त्यांनी मला न मागता रजा दिली होती आणि दर आठवड्याला 'वडील कसे आहेत' हे ते उत्तर ऐकण्यासाठी विचारतात. बैठकीत ते म्हणाले, "शुक्रवारी अर्ज मागे घ्यायची मुदत संपते. शनिवारपासून आपला दणका सुरू. मला एक पाच नंबरचं पाहिजे. काय आहे?"

मी म्हटलं, "या आठवड्यात विशेष काही नाही."

"तुझ्या चेहऱ्यावर तर आहे."

"झोप झाली नाहीये."

"वडील?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. खोटं बोलायला बाबांना पुढे केलं. साहेबांनी ताबडतोब विषय बदलला, आणि खर्जाने आपल्या डब्यातला अर्धा पेरू कापून माझ्यापुढे सरकवला.

संध्याकाळी घरी गेले तर बाबा दारातल्या खुर्चीवर माझा जुना फ्रॉक मांडीवर घेऊन बसले होते. आईने मुद्दाम बाहेर काढून ठेवला असणार. हातात कापड असलं की ते शांत असतात. मी चपला काढत असताना त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा उजवा खांदा जरा उतरलाय. पण काळजी करू नका, आपण करू काहीतरी." मी म्हटलं, "करा हो." आत जाऊन आईजवळ ओट्याला टेकून उभी राहिले. आई भेंडी चिरत होती. मी विचारलं, "आई, बाबा आडनावं विचारायचे तेव्हा तुला कळलं होतं?"

"कधी?"

"तेव्हाच. सुरुवातीला. बाह्यांच्या आधी."

आईने एक भेंडी चिरली, दुसरी चिरली. "न कळायला काय झालं? सकाळी उठून मला विचारायचे, आज दुकानात कोण कोण येणारे गं. मी वहीत बघून पाठ करून घ्यायची त्यांच्याकडून. दाराआड उभी राहून नावं पुटपुटायची."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली असती तर तू काय करणार होतीस? रडली असतीस. शिवाय तू आपली कामात." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "तशी वाट बघायचे मी. वाटायचं, कोणीतरी विचारावं. गिऱ्हाइकांतल्या कोणी, शेजारपाजारच्या कोणी. वहिनी, तुमचं कसं चाललंय, एवढं. एवढी माणसं यायची-जायची, सगळी आपली त्यांच्या विनोदांना हसायची." तिने सुरी उचलली. "उचल ती ताटली. भाजी गार होते तोवर उभी राहशील."

भाजी अजून चिरून व्हायची होती. ती चूक मी दुरुस्त केली नाही.

गुरुवारी मी कचेरीत लवकर गेले आणि चौदा महिने जे कधीच केलं नव्हतं ते केलं. मास्तरांना सोडून त्यांच्या बायकोकडे बघितलं. त्या प्रत्येक चित्रात होत्या, आणि मी कधी डोळा वर करून बघितलं नव्हतं. त्यांच्यावर नंबर मिळत नसे. पहिल्या सभेत त्या व्यासपीठाखाली, तिसऱ्या रांगेत, शेजारणीशी बोलतायत. चार महिन्यांनी पहिल्या रांगेत. उन्हाळ्यात व्यासपीठावर, कडेच्या खुर्चीत. मग मास्तरांच्या मागे. मग शेजारी. गेल्या महिनाभरात तर माणसं भेटायला रांगेने येतात तेव्हा त्या मास्तरांच्या अर्धं पाऊल पुढे उभ्या असतात, येणाऱ्याचा हात आधी आपण धरतात आणि मोठ्या आवाजात म्हणतात, "अगंबाई, अमुक तमुक! किती दिवसांनी!" मागून मास्तर तेच नाव उचलून हसतात. मी आवाज बंद करून नुसते त्यांचे ओठ बघितले. भाषणातसुद्धा हलत होते. रविवारी त्या अकरा सेकंदांच्या वेळी त्या कुठे होत्या ते शोधलं. मागे, कोणीतरी त्यांना फोटोसाठी बाजूला ओढून नेलं होतं. त्या मान उंचावून मास्तरांकडे बघत होत्या. मी पर्स उचलली आणि तब्येत बरी नाही असं सांगून निघाले. कुठे जायचं ते माहीत होतं. त्यांची रोपवाटिका आहे, गुरुवारी त्या तिथे असतात. आमच्याकडे त्यांचंही वेळापत्रक होतं.

रोपवाटिकेत गिऱ्हाईक नव्हतं. त्या पाटावर बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या, कोपरापर्यंत मातीने माखलेल्या. पडद्यावर दिसतात त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. "काय हवंय? फुलझाड की सावलीतलं?" त्यांनी वर न बघता विचारलं. चौथ्या मजल्यापासून इथवर मी वाक्यं जुळवत आले होते, ती सगळी गेली. मी कोण, कुठे काम करते ते सांगितलं. उणे विभाग म्हणाले नाही, पण त्यांना कळलं. हात थांबले.

"त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांची जाहिरात तुमची?"

"हो."

"माझी नात शाळेत जाईना तीन दिवस." त्यांनी पिशवी पुन्हा भरायला घेतली. "बोला. काय आणलंय आता?"

मी म्हटलं, मी रविवारचं बघितलं. पाण्याच्या बाईंचं. मला कळलं. बाकी कोणाला कळलेलं नाही, मी कोणाला दिलेलं नाही. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं, आणि मी गारठले. खर्जाच्या आवाजात म्हणून बघा ही वाक्यं. सहा वर्षं भीती घालायचं काम केलेल्या माणसाला साधी विचारपूस जमली नाही; तोंडातून धमकीच बाहेर पडली. त्यांनी हात झटकले आणि उभ्या राहिल्या.

"किती वेळ देताय? आणि काय पाहिजे त्याच्या बदल्यात?"

"काही नको," मी म्हटलं, आणि मग काय झालं कोण जाणे, मला रडू आलं. चांगलं नाक वाहीपर्यंत. मी म्हटलं, "माझे बाबा शिंपी आहेत." आणि त्या परक्या, चिडलेल्या बाईला मी दोन डाव्या बाह्यांचं सांगितलं, आडनावांचं सांगितलं, आई दाराआड उभी राहून नावं पुटपुटायची ते सांगितलं. "आई म्हणाली, कोणीतरी विचारायला हवं होतं. म्हणून मी आले. तुमचं कसं चाललंय, एवढंच विचारायला. मला नीट विचारता आलं नाही."

त्यांनी पायाने दुसरा पाट माझ्याकडे ढकलला. "बसा. आणि हात रिकामे ठेवून बसू नका, मला सुचत नाही समोर कोणी रिकामं असलं की." मी बसले आणि माती भरू लागले. "अर्धीच भरा. पाण्याला जागा ठेवायची असते वर." मग त्या आपल्या पिशवीकडे बघत सांगू लागल्या. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात नाव सांगितलं आजाराचं. मास्तरांनी घरी येताना त्याच्यावर पुस्तक आणलं, पेन्सिलीने खुणा करत वाचलं, आणि मुलांना शिकवावं तसं बायकोला समजावून सांगितलं, मेंदूत काय होतं ते, आकृती काढून. उद्या, शुक्रवारी, ते अर्ज मागे घेणार होते. कारणही स्वतः सांगणार होते, सगळ्यांसमोर. त्यासाठी चार ओळी रोज सकाळी म्हणून बघत होते. "सव्वीस वर्षं उभं राहून बोललेत ते. हे शेवटचं. ते त्यांच्या तोंडून होऊ दे. उद्या दुपारपर्यंत तेवढं..."

"माझ्याकडून जाणार नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. कसं चाललंय या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंच नाही, पण भरलेल्या पिशव्या माझ्या हातातून घेऊन नीट रांगेत लावताना एकदा माझ्या मनगटाला धरलं आणि धरूनच ठेवलं, माती लागली तरी.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "किती आहे तुमच्याकडे?"

"काय?"

"त्यांचं. बोलतानाचं, चालतानाचं."

"चारशे तास."

"अगंबाई." त्यांनी कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. "आमच्याकडे काहीच नाही हो. लग्नाचे फोटो, आणि नातीच्या वाढदिवसाचं पाच मिनिटांचं कायसं, त्यातही पाठमोरे आहेत. घरातल्या माणसाचं बोलणं साठवून ठेवावं असं कुणाच्या डोक्यात येतं? ते आपलं चालूच असतं." मग म्हणाल्या, "उद्यानंतर तुम्ही ते पुसून टाकाल ना?"

"हो. पद्धत आहे तशी."

"पुसू नका. मला द्या."

मी देईन म्हटलं. कसं देणार, साहेबांना काय सांगणार, नोकरी राहील की जाईल, यातलं काही डोक्यात नव्हतं. पण मनाला खाऊ लागलं, म्हणून सांगून टाकलं, "त्यात चांगलं फारसं मिळायचं नाही तुम्हाला. आम्ही वाईट तेवढंच वेगळं काढून नीट लावून ठेवलंय. अडखळलेले, जांभया दिलेले, लोकांवर चिडलेले. ते सगळं आधी काढून टाकते आणि मग देते."

"चिडलेले आहेत?"

"बत्तीस वेळा. शेवटचं आठ महिन्यांपूर्वीचं."

"चिडायच्या आधी चष्मा काढतात का त्यात?"

"काढतात. आणि सदऱ्याच्या टोकाने पुसतात."

"पुसतात," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका मऊ झालेला मी चारशे तासांत कुठेच बघितला नव्हता. "मग ते काढू नका. ते आधी द्या. हल्ली चिडतच नाहीत ते."